दोन पलटणींच्या मधली देग

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी गहिवरून सांगतात असं तुम्ही ऐकलं असेल. माझ्याकडून ती अपेक्षा धरू नका. मी एक जुनी देग आहे, तांब्याची, एका वेळी दीडशे जवानांचं वरण शिजवणारी, आणि मी रागावलेली आहे. माझा राग वीस वर्षांचा आहे. चुलीवरून उतरवलं की मी घटकाभरात निवत असे, पण हा राग काही निवला नाही.

भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि बैलगाडीत घालून नागपूरजवळच्या एका छावणीत धाडलं. तिथल्या पलटणीत चार कंपन्या होत्या आणि चार स्वयंपाकघरं होती. इंग्रजाने भरती करतानाच या जातीची ही कंपनी, त्या जातीची ती कंपनी, अशी वाटणी करून ठेवली होती. गोळी सगळ्यांना सारखीच लागते हे ठाऊक असूनही एकाच्या देगीला दुसऱ्याचा लांगरी, म्हणजे आचारी, हात लावू शकत नव्हता. इंग्रज गेला, पण चुली काही वर्षं तशाच राहिल्या.

मग चीनची लढाई झाली आणि वरच्यांना जाग आली. सैन्य वाढवायचं ठरलं, नव्या पलटणी उभ्या राहू लागल्या. आमच्या पलटणीलाही हुकूम आला की यापुढे सगळ्या जातींचे, सगळ्या प्रांतांचे जवान एकत्र राहतील आणि चूल एकच असेल. त्या एका चुलीवर नवा लांगरी आला, त्याचं नाव नत्थू. तो उमरेडकडचा होता. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी नागपुरात बुद्धाचा धम्म घेतला होता.

पहिल्या दिवशी ताटं वाढून झाली तरी वीसेक जण हात बांधून बसले. तेव्हा सुभेदार गोपाळराव उठले. पांढऱ्या मिशांचा माणूस, निवृत्तीला वर्ष राहिलेलं.

"मले भूक लागली हाय," ते म्हणाले. "ज्याले नसन लागली त्यानं परेड ग्राउंडवर जावं आन दहा चक्कर मारून यावं. मंग लागते."

पहिला घास त्यांनी स्वतः घेतला. एकही जण ग्राउंडवर गेला नाही. पंधरा दिवसांत असं झालं की नत्थूच्या वरणासाठी लोक रांगेत धक्काबुक्की करू लागले. त्याचा हातच तसा होता. फोडणी पडली की छावणीच्या फाटकावरचा पहारेकरी मान वळवायचा.

नत्थू मला जपायचा. तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई लागते, हे तुमच्या आईला विचारा. कल्हई गेलेल्या तांब्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, आणि कळकलेलं पोटात गेलं की माणूस आडवा होतो. म्हणून दर महिन्याला धोंडबा कल्हईवाला भाता, कथील आणि नवसागर घेऊन यायचा. नत्थू स्वतः भाता मारायचा आणि माझ्या पोटात तोंड खुपसून एखादा लाल ठिपका राहिला का ते बघायचा.

पलटणीत आणखी एक चांगली चाल होती. पंगत बसण्याआधी ड्युटीवरच्या साहेबाने प्रत्येक पदार्थाची चव घ्यायची आणि वहीत सही करायची. जवानांना जे वाढायचं ते आधी साहेबाच्या जिभेवर. नत्थूचा या चालीवर फार विश्वास होता.

सहासष्ट साली पुन्हा फेररचना आली. आमच्या पलटणीतून एक कंपनी काढून तिच्याभोवती नवी पलटण उभारायची होती. हुकूम काढणारे हुकूम काढतात, पण फूट पडते ती खालच्या माणसांत आणि भांड्यांत. शेजारशेजारच्या खाटांवर झोपणारे दोघे दोन पलटणींचे झाले. तंबू वाटले, बंदुका वाटल्या, घमेली वाटली. लोखंडी कढया तर जाणाऱ्या कंपनीच्या पेट्यांत खिळे ठोकून बंदही झाल्या. माझ्यापाशी येऊन मात्र घोडं अडलं. मी त्या कंपनीच्या नावाने आले होते, पण चूल एक झाल्यापासून सगळ्यांची होते. मी जुन्या पलटणीची की नव्या? कागद वर गेला. कागद वरच राहिला.

इकडे कल्हईची तारीख उलटली. नत्थू भांडारावरच्या हवालदार गिरिधरकडे गेला.

"साहेब, देगीची कल्हई गेली. धोंडबाले बोलावून घ्या."

"चिठ्ठी कोणाच्या सहीनं काढू बे? देग कोणाची, हेच ठरलं नाही. कागद येऊ दे."

दुसऱ्या महिन्यात नत्थू पुन्हा गेला. तिसऱ्या महिन्यात पुन्हा. दरवेळी कागद यायचा होता. मी आतून लाल होत चालले होते आणि नत्थू माझ्यात फक्त भात आणि बटाटे शिजवत होता, आंबटाचा थेंब पडू देत नव्हता.

मग जाणाऱ्या कंपनीच्या निरोपाचा बडा खाना ठरला. गिरिधरने यादी दिली, त्यात कढी होती.

"कढी नको साहेब. कढी कळकते यात."

"मोठे साहेब येऊन राहिले आन त्याईले आवडते म्हणून सांगून राहिलो. तू लांगरी आहेस का क्वार्टरमास्टर?"

नत्थूने मला राखेने घासलं, चिंचेने घासलं. घासून कल्हई येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने हिशेब केला तो एवढाच, की कढी शेवटी करायची, उकळी आली की लगेच वाढून मोकळं व्हायचं. पण मोठे साहेब दीड तास उशिरा आले, मग भाषणं झाली, मग फोटो. कढी माझ्यातच बसली. नत्थूने तळहातावर थेंब घेऊन चाखला आणि त्याचा चेहरा उतरला. चव थोडी कडवट होती. वाटी भरून तो ड्युटीवरच्या तरुण साहेबापुढे गेला. आता साहेब चाखतील, तोंड वाकडं करतील आणि कढी ओतून देतील, असं त्याला वाटलं. साहेबांचं लक्ष फोटोवाल्याकडे होतं. त्यांनी वाटी बाजूला सारली, वहीत सही केली आणि टोपी नीट करून फोटोच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

नत्थू वाटी हातात धरून तसाच उभा राहिला. बोलला नाही. एवढी एक चूक त्याची.

दुपारी बहात्तर जवान ओकत होते. सुदैवाने कोणी दगावलं नाही. आणि पहिल्या दिवशी हात बांधून बसलेल्यांची तोंडं आता उघडली. "आम्ही आधीच म्हणत होतो. हाताचा गुण." अरे, तीन वर्षं बोटं चाटत होतात ना त्याच हाताची? तेव्हा कुठे गेला होता गुण?

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चौकशी होती. आता नीट ऐका. पहाटे पाचला गिरिधर धोंडबाला सायकलवर डबलसीट घेऊन आला. तीन महिने जिला चिठ्ठी मिळत नव्हती, त्या देगीला कोणाच्याही सहीवाचून तासाभरात कल्हई झाली. दहा वाजता चौकशीचे साहेब आले, माझ्यात वाकले, त्यांना स्वतःचं तोंड दिसलं.

"भांडं तर आरशासारखं आहे," ते म्हणाले. "भांड्याचा काही दोष नाही."

आयुष्यात माझं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

नत्थूला विचारलं, तुला चव कडू लागली होती का? तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "लागली होती. मले वाटलं साहेब चाखतीन. मीच ओरडाले पाहिजे होतं." बस्स, तेवढंच लिहून घेतलं. साहेबाने चाखलंच नाही, हे त्याने दोनदा सांगितलं, तर वही पुढे आली. वहीत सही होती. तीन महिने कल्हई नव्हती म्हणाला, तर माझ्या चकचकीत पोटाकडे बोट दाखवलं. कल्हई कधी झाली, हे धोंडबाला कोणीच विचारलं नाही. तो फाटकाबाहेर भाता घेऊन बसला होता.

नत्थूचं नाव पलटणीतून कमी झालं. त्याला न्यायला त्याची बायको वच्छला उमरेडच्या एसटीने आली. फाटकाशी गिरिधर उभा होता. तिने त्याला थेट विचारलं, "तीन साल यायच्या हातचं जेवले, तवा कोणाले काही झालं नाही. आताच काहून झालं जी? सांगा ना." गिरिधर खिशात काड्यापेटी शोधू लागला. मग नत्थूची वळकटी तिनेच उचलली.

चौदा महिन्यांनी तो कागद वरून उतरला. देग जुन्या पलटणीचीच आहे आणि पूर्वीपासून होती, असं त्यात लिहिलेलं होतं.

पुढे ऐंशीच्या सुमारास आणखी एक फेररचना झाली. पलटणीला गाड्या मिळाल्या, चुली जाऊन शेगड्या आल्या आणि मला लिलावात काढलं. आता मी नागपुरातल्या सदर भागात एका मांडववाल्याच्या दुकानापुढे पडून आहे. फेररचनेवर माझा राग नाही. नसती झाली तर नत्थू माझ्यापर्यंत आलाच नसता. राग आहे तो कागद येईपर्यंत हात झटकून बसणाऱ्यांवर, न चाखता सही करणाऱ्यांवर, आणि चौकशीच्या सकाळी चमकणाऱ्या माझ्या स्वतःच्या अंगावर.

परवा म्हातारा धोंडबा दुकानात आला होता. मांडववाल्याला सांगत होता की नत्थू हातमागावर बसतो, पण लग्नाकार्यात कोणी रांधायला बोलावलं तर जात नाही. घरीसुद्धा चुलीला हात लावत नाही. म्हणतो, "माह्या हातानं लोकं ओकले."

भांडी जपा, वेळेवर कल्हई करा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्यापैकी कोणी उमरेडला गेलं, तर माझं एक काम करा. नत्थूच्या घरी भुकेल्या पोटी जा. त्याने नाही म्हटलं तरी ओसरीवरून उठू नका. तो चुलीशी बसेपर्यंत बसून राहा, आणि तो जे वाढेल ते ताट स्वच्छ पुसून खा.