तपकिरी पिल्लाची पावती

कुत्र्यांच्या ब्रीडरचा निरोप आला तेव्हा ती दंतवैद्यांच्या प्रयोगशाळेत एका नव्या कवळीचे दात घासत होती. ‘पिल्लू देणं जमणार नाही. आगाऊ रक्कम परत पाठवली आहे. व्यवहार रद्द समजावा.’ बस्स, एवढंच. चौथ्या दिवशी पिल्लू घरी यायचं होतं.

तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि उरलेले सहा दात घासून संपवले. दंतवैद्यांना संध्याकाळी कवळी हवी होती.

खरं तर पिल्लू तिला नकोच होतं. सगळा खटाटोप बाबांसाठी. त्यांचा म्हातारा कुत्रा गेल्यापासून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. दिवसभर खिडकीशी बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "जाऊ कुणाला घेऊन?"

तिने रात्रीचं जेवण उरकल्यावर सांगितलं. बाबांनी ताट बाजूला सारलं.

"पावती आहे ना आपल्याकडे?"

"आहे."

"आण. आणि चष्मा दे."

पावतीवर सगळं होतं: तपकिरी मादी, डाव्या पंजावर पांढरा ठिपका, तारीख, सही.

"मग त्याच्या मनात आलं म्हणून रद्द कसं?"

"बाबा, पैसे मिळालेत. सोडा ना. माझ्यात त्राण नाही हो."

"नको येऊस. मी जातो एकटा."

एकटं कसं सोडणार? दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती त्यांच्याबरोबर ग्राहक तक्रार केंद्रात गेली.

तिथल्या बाईंना सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी पावती वाचली. "पैसे परत केले म्हणजे तो सुटला, असं नाही. त्याच्या भरवशावर तुम्ही काही खर्च केलात का?"

"जिन्याला फाटक बसवलं," बाबा म्हणाले. "पिंजरा घेतला. जनावरांच्या डॉक्टरांकडे नाव नोंदवलं."

"तो खर्च मागता येईल. पण तेच पिल्लू मिळेल, अशी आशा धरू नका."

अर्ज तीन प्रतींत. एका प्रतीवर सही राहिली, म्हणून पुन्हा हेलपाटा. मग समेटासाठी दिलेल्या पहिल्या दोन तारखांना ब्रीडर आलाच नाही. दर वेळी बाबा तासभर आधी बूट घालून तयार, आणि ही जांभया देत मागे. "पिल्लू येण्याआधीच तुमच्या रजा संपतील," दंतवैद्य म्हणाले. तिला हसूही आलं नाही.

तिसऱ्या तारखेला ब्रीडर आला. हडकुळा माणूस, स्वेटरभर कुत्र्यांचे केस, डोळे झोप न झालेले. भांडायची ताकद त्याच्यातही दिसत नव्हती.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाने जास्त दिले," तो खाली बघत म्हणाला. "चुकलं माझं. यांचा खर्च भरून देतो. आणि पुढच्या वेतातलं पहिलं पिल्लू यांना फुकट."

बाईंनी बाबांकडे पाहिलं. तिनेही. एकदाचं सुटलो, असं तिला वाटलं.

"पिल्लांच्या आईचं वय काय?" बाबांनी विचारलं.

"पाच वर्षं."

"वेतं किती झाली?"

तो थोडा घुटमळला. "पाच."

"मग नको मला. खर्च तेवढा द्या, आणि तिला जरा दम खाऊ द्या."

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. दोघांच्या सह्या झाल्या.

बाहेर बस थांब्यावर ती बाकावर टेकली. "मग एवढ्या खेपा कशाला घातल्या, बाबा?"

"त्याने तोंडाने कबूल केलं ना."

"आणि पिल्लू?"

"बघू. एखादं असंच कुणाला नको असलेलं मिळेल."

तिला खूप काही बोलायचं होतं. अर्ध्या अर्ध्या रजा, दंतवैद्यांचे टोमणे, सगळंच. पण शब्द जुळवायचाही कंटाळा आला, आणि मान कधी बाबांच्या खांद्यावर कलली ते कळलंच नाही.

जाग आली तेव्हा दोन बस निघून गेल्या होत्या. बाबांनी तिला उठवलं नव्हतं.