धाकलूची पाहणी

पंच येणार म्हणून तुळजा कोंबडा आरवायच्या आधी उठली, आणि तिथंच फसली. गुंद गावच्या बायकांना दुसरं सुचतंय कुठं! घरी माणसं येणार म्हटलं की सारवण आलंच. तिनं घर सारवलं, नवऱ्याला, धाकलूला, धरून धरून न्हाऊ घातलं, धुवट धोतर नेसवलं, पेज भरवली आणि भिंतीला टेकवून बसवलं. सगळं उरकेस्तोवर तिची कंबर मोडून गेली.

चार वर्षांमागं भाताच्या लावणीत धाकलूचा उजवा हात थरथरायला लागला. वैद्य म्हणाला, कंपवात, वाढत जाणार. कॅसलरॉकला रेल्वेचा गोरा डॉक्टर होता, त्यानंही नुसती मान हलवली. आणि वाढलाच मेला! हात गेला, मग पाय जमिनीला चिकटायला लागले.

गावात एक रीत होती. घरातला माणूस अंथरुणाला खिळला की दर घरातून एकेक जण पाळीनं मदतीला यायचा. पण आधी पंचांनी डोळ्यांनी बघायचं. तुळजाला ती पाळी हवी होती. कापणी तोंडावर आली होती आणि तिच्यात आता जीव उरला नव्हता.

गावाचा प्रमुख लखू बुदवंत दोन पंचांना घेऊन आला. "काय धाकलू, बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय की," धाकलू म्हणाला. मानी माणूस, दुसरं काय म्हणणार! थरथरता हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता.

बुदवंतानं लख्ख घर बघितलं, लख्ख माणूस बघितला. "तुळजे, ह्यो तर बसतोय, बोलतोय. खिळल्याली माणसं आमी बघितल्यात गं. पाळी नको हितं."

तुळजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायलाही त्राण लागतं. ती उंबऱ्यापाशी बसली. "बरं मामा. मग आज मी उठत न्हाई. तुमीच बसा दुपारपतोर."

रुसली वाटतं, म्हणत पंच पान खात बसले. धाकलूला तहान लागली. तांब्या हातभर लांब. त्यानं तुळजाकडं बघितलं, ती हलली नाही. त्यानं हात लांबवला तसा तांब्या लवंडला आणि तोही कलला, तो कललेलाच राहिला. तोंडातून लाळ गळायला लागली.

"तुळजे," तो पुटपुटला, "भाईर जायाचं हाय."

तिचं काळीज तुटत होतं. चार वर्षांत ही हाक तिनं त्याला कधी दुसऱ्यांदा मारू दिली नव्हती. आज त्यानं तीनदा मारली. मग धोतर भिजलं.

बुदवंत धडपडत उठला. त्यानं आणि एका पंचानं मिळून धाकलूला उचललं, पुसलं, धोतर बदललं. तेवढ्यात दोघांनाही घाम फुटला.

"उद्यापास्नं पाळी," बुदवंत मान खाली घालून म्हणाला. "पैली माझ्या घरची."

ते गेले. तुळजा धाकलूजवळ आली.

"मला भिंतीकडं वळव," धाकलू म्हणाला. "तुझं तोंड बघायचं न्हाई मला."

तुळजानं त्याच्या पाठीखाली हात घातला आणि त्याला भिंतीकडं वळवलं.