पाण्याकडून आलेली हाक

आळीत तिला भोंगा म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

साखरेच्या आजाराने नवऱ्याचे डोळे नेले, तेव्हापासून घरात तो तिच्या आवाजावर चालायचा. ओट्यापाशी उभी राहून ती ओरडायची, "इकडे या! सरळ!" की हा आवाजाच्या दिशेला तोंड वळवून नाकासमोर यायचा. हयातभर बस चालवलेला माणूस. त्याला एकदाही ठेच लागू दिली नाही, याचा तिला कोण गर्व!

डोंगरातली ही नदीकाठची वाट लेकीने शोधून काढली होती. चाकाची खुर्चीसुद्धा जाईल अशी, सपाट फळ्यांची. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नदी. डोळे नसलेल्यांसाठी नदीच्या बाजूने खांबाखांबाला कमरेएवढ्या उंचीवर दोर ताणलेला. वाट वर जाऊन पूल ओलांडते आणि समोरच्या काठावरच्या बाकापाशी संपते.

सुरुवातीलाच नवऱ्याने सांगून टाकलं, "मला कुणी धरायचं नाही. आज धरलंत तर पुन्हा घराबाहेर पाऊल टाकणार नाही."

"नका टाकू. खुर्चीसकट झाडून काढीन," ती म्हणाली. पण आतून चरकली. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस. गेला हिवाळाभर त्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसलेला तिने पाहिला होता.

म्हणून मायलेकी पुढे गेल्या आणि समोरच्या बाकावर बसून त्याला बघत राहिल्या. मध्ये नदी, दगडांवर आपटत धावणारी. तो एका हातात काठी, दुसऱ्या हातात दोर, असा अगदी ऐटीत येत होता.

"बघ, स्टिअरिंग धरल्यासारखा दोर धरलाय," ती म्हणाली, आणि तेवढ्यात वरून धोंडा सुटला.

फळ्यांवर आदळला, एक खांब मोडून सरळ नदीत गेला. धोंडा नवऱ्याच्या बराच पुढे पडला. आवाज झाला तसा नवरा थबकला. थोडा वेळ कान देऊन उभा राहिला. मग चालू लागला.

मोडलेला खांब नदीवर ओणवा झाला होता. दोर तुटला नव्हता, तेच वाईट. तो सैल पडून काठाबाहेर, पाण्यावर झुकला होता. नवरा दोर सोडणार नाही आणि दोर त्याला नदीत नेणार.

"बा..."

लेकीचं तोंड तिने पंजाने दाबलं. "गप! आवाज ऐकला की इकडे वळेल. सरळ येईल!"

लेकीचे डोळे विस्फारले.

"पळ. पुलावरून जा. तोंडातून ब्र काढू नकोस, जाऊन त्यांना धर."

लेक धावली. तिची चाहूल पाण्याच्या आवाजात बुडाली. आता बाकापाशी ती एकटी, आणि समोर तो.

तो खांब होता तिथे पोचला. दोर हातात लुळा पडला. त्याने ओढून पाहिला, आणखी सैल आला. पाय फळीच्या कडेला होता. काठी पुढे घातली, तर काठीला काही लागलं नाही.

"अगं!" त्याने हाक मारली. "आहेस का तिथे?"

तिच्या घशात 'ओ' येऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाच्या एका हाकेला तिने ओ दिली नाही असं झालं नव्हतं. शालीचं टोक तोंडात कोंबलं आणि दात रोवले.

"अगं ए!" त्याचं तोंड आता पाण्याकडे वळलं होतं. एक पाऊल उचललं. अधांतरी धरलं.

लेक अजून पुलावरच होती.

तो वाट बघत होता. तिला ते दिसत होतं, कान तिच्याकडे लावलेले, मान किंचित तिरकी, जशी ओट्याकडे येताना असायची. मग कपाळाला आठी पडली. ओठ हलले. काय शिवी दिली असेल ते तिला बरोबर कळलं.

पाऊल मागे आलं.

त्याने दोर सोडला. काठी दुसऱ्या अंगाला फिरवली, ती कड्याला ठक्क वाजली. तळहात दगडावर टेकून तो घासत घासत पुढे सरकला, पुढच्या खांबापाशी काठी अडली, आणि हात पुन्हा दोरावर आला. लेक पोचली तेव्हा तो तिच्या अंगावरूनच निघून गेला. आता धरायची गरज नव्हती; ती कड्याला चिकटून श्वास रोखून उभी राहिली.

बाकापाशी येताच तो गरजला, "मेली होतीस की काय? घसा कोरडा पडला माझा!"

"दोर पाण्यावर लोंबत होता," ती म्हणाली. तोंडात अजून लोकर होती. "मी ओ दिली असती, तर तुम्ही नदीत असता."

तो चाचपडत बाकावर बसला.  म्हणाला, "परत तिथूनच जायचं ना?"

"दुसरी वाट नाही. लेकीचा हात धरा."

"नाही धरणार."

"तर मग ऐका." तिने शाल कमरेला खोचली. "मी पुढे जाते. खांब मोडलाय तिथे कड्याला पाठ लावून उभी राहते. तुम्ही तिथवर दोर धरून या, मग दोर सोडून मी बोलेन तिकडेच यायचं. मी मध्येच गप्प झाले तर जागचं हलायचं नाही, आभाळ कोसळलं तरी."

"आणि तुला ठसका लागला तर?"

"तर उभे राहा तिथेच, बस बंद पडल्यासारखे."

ती गेली. कड्याचा गार दगड पाठीला लागला. समोर दोन पावलांवर पाणी उसळत होतं. दोर धरून तो मोडक्या खांबाजवळ आला, तसा तिने श्वास भरून घेतला आणि घसा खाकरला.