धुतलेली गाडी

प्लेगचं साल सरलं आणि नवागामच्या आमच्या सरकारी दवाखान्यात नवे साहेब आले. आधी ते कापड मिलमध्ये मॅनेजर होते. फरशी पहिल्यांदाच स्वच्छ दिसू लागली, औषधं वेळेवर मिळू लागली, हे खरं आहे. मग त्यांची नजर आवारातल्या दोन गाड्यांवर गेली. एक रुग्णवाहिका, ती माझे वडील, आबा, चालवत. दुसरी शववाहिनी.

"खडी गाडी भी खाती है, सुपडूभाई," साहेब आबांना म्हणाले. "एक ही गाडी दोनों काम करेगी."

शववाहिनी विकली गेली.

"साहेब, ज्या गाडीत मयत ठेवलं, तिच्यात आमची माणसं बसत नाहीत," आबांनी सांगून पाहिलं.

"धो लेना. फिनाइल मैं दूँगा."

आबा रोज गाडी धूत. तरी कोणी बसेना. तापाने फणफणलेली पोरं रिक्षातून जाऊ लागली, बाळंतिणी हातगाडीवरून. शेजारच्या पुष्पाबाई आबांना म्हणायच्या, "सुपडूभाऊ, तुमच्या गाडीत जायचंच तिकीट मिळतं, यायचं नाही!" आमची माय यावर सगळ्यांत जोरात हसायची.

रुग्णांच्या फेऱ्या घटल्या. भागातलं आजारपण कमी झालं, असं साहेबांनी वर कळवलं आणि आबांना अर्ध्या दिवसाच्या कामावर आणलं.

चैत्रातल्या एका सकाळी मायच्या छातीत कळ आली. मी दवाखान्याकडे धावले. आबांनी गाडी थेट दारात आणली, मागचं दार उघडलं. फिनाइलचा वास आला. माय चौकट धरून उभी राहिली.

"माले त्यामा नही बसनं. मी आजून जित्ती शे."

"येडी शे का तू? बस पटकन."

"तुम्हीच त म्हनतस, त्यामा कोनी बसस नही."

आबांनी तिला उचलायला हात घातला. तिने तो झटकला, आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली.

"हर्षदा, धर तिला, मी रिक्षा आणते," म्हणत पुष्पाबाई पळाल्या.

रिक्षा आली तेव्हा माय ओट्यावर होती, डोकं आबांच्या खांद्यावर. रिक्षावाल्याने एकदा पाहिलं आणि रिक्षा वळवली.

मग तिला त्याच गाडीतून नेलं. आबांनीच चालवली.

दहाव्याला साहेब आले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "पर गाडी तो दरवाजे पे थी ना, सुपडूभाई?"

"थी, साहेब."

ते गेल्यावर मी म्हणाले, "आबा, मी वर अर्ज करते. गाड्या वेगळ्या करा म्हणून."

आबांनी साहेबांचा तसाच राहिलेला कप उचलला. मग म्हणाले, "लिख. पन गाडी दारमा व्हती, हाई बी लिखनं पडी."

मी तेही लिहिलं. आबा अजून सकाळी गाडी धुतात. पावसाळ्यात अर्ज परत आला. 'गाडी दारात होती' या एका ओळीखाली लाल रेघ मारलेली होती.