मैदानाबाहेरची घार

देव सगळ्यांना सगळं एकदम देत नाही. कुणाला आधी हात देतो आणि वाचा मागाहून, कुणाचं नेमकं उलटं. या बाईला त्याने आधी हात दिले, आणि काय हात दिले! समोरच्या संघातल्या एका पोरीने दुसरीकडे चेंडू फेकावा आणि तो पोहोचायच्या आत हिने मधल्या मध्ये उचलून न्यावा. म्हणून तिचं नाव पडलं घार. लोक तिकीट काढून यायचे ते तिची झडप बघायला. बास्केटबॉलवर तिने घर उभं केलं, नाव मिळवलं, आणि मग एका हंगामाच्या शेवटी डावा गुडघा म्हणाला, बाई, माझं आता पुरे.

क्लबने तिला हार घालून घरी पाठवलं नाही. त्याच संघाची कोच केलं. काल जी शेजारी बसून बुटाच्या नाड्या बांधत होती, तिच्याच शिट्टीवर आज धावायचं, हे पोरींना जरा जड गेलं. पण खरी अडचण घारीची होती. तिला शिकवता येत नव्हतं, करून दाखवता येत होतं.

संघात एक चिमणी होती, सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ. ती रोज विचारायची, "ताई, पास कुठे जाणार ते तुम्हाला आधी कसं कळतं?"

"अगं, हे असं!" म्हणत घार स्वतः आत शिरायची, चेंडू हिसकावून घ्यायची आणि परत द्यायची. "कळलं?"

"कळलं," चिमणी म्हणायची, आणि तिच्या तोंडावर लख्ख दिसायचं की काही म्हणजे काही कळलेलं नाही.

हंगाम हरण्यात गेला. संघ घसरत घसरत तळाशी आला. तळाला राहणारा क्लब खालच्या श्रेणीत जातो, तेव्हा उरलेल्या दोन सामन्यांतला एक तरी जिंकायलाच हवा होता.

पहिला सामना रंगला. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. चेंडू समोरच्या संघाकडे होता आणि त्यांच्या एका पोरीने घारीच्या बेंचसमोरून, रेषेला लागून, लांब पास टाकला. उंच, जरा सैल. घार रेषेवर उभी होती. तिने काही ठरवलं नाही हो! हात गेला. जन्मभर गेला तसा गेला, आणि चेंडू अलगद हातात आला. एवढ्यावर थांबावं, तर तिने तो एकदा जमिनीवर आपटलासुद्धा.

मग वरच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पायऱ्या उतरत खालपर्यंत आलं.

रेफरीने शिट्टी वाजवली. "मॅडम, झेल सुरेख होता. पण तुम्ही निवृत्त झालात ना?"

दंड म्हणून समोरच्यांना एक फ्री थ्रो मिळाला. तो आत गेला. सामना तेवढ्या एका गुणाने गेला.

संघाची कॅप्टन घारीची जुनी जोडीदार होती. बास्केटखाली उभी राहिली की हलायची नाही, म्हणून तिला सगळे भिंत म्हणायचे. कपडे बदलायच्या खोलीत तिने बूट काढून आपटले. "घारे, निदान संघाचा शर्ट तरी घालून यायचंस!"

बाहेर क्लबचे अध्यक्ष उभे होते. माणूस वाईट नव्हता, फक्त वाईट बातमी सांगताना स्वतःच्या घड्याळाकडे बघायचा. "पुढचा सामना गेला तर क्लब खाली जाईल. मग मला कोच बदलावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

तिने वाईट वाटून घेतलंच. या लाकडी मैदानाशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

घरी सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. "छान पकडलास हो चेंडू!"

"आई, तो पकडायचा नव्हता."

"मग हात कशाला पुढे केलास?"

नवरा दातांचा डॉक्टर. ताटं मांडता मांडता तो म्हणाला, "माझं पोट दुसऱ्याच्या तोंडावर चालतं. तुझं आता स्वतःच्या तोंडावर चालायला हवं. आणि ते तर तू उघडतच नाहीस."

"घरी उघडते ना!"

"घरी संघ नाही, मी एकटाच आहे. मला एवढं कोचिंग झेपत नाही."

हसता हसता घारीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "हे बघ, भजन सांगणारा सगळं भजन एकटा म्हणतो का? तो ओळ अर्ध्यावर सोडतो. मागचे उचलतात, तेव्हा कुठे रंग भरतो. तू ओळ सोडतच नाहीस, बाई. तूच म्हणतेस, तूच टाळ्या वाजवतेस. मागच्यांनी नुसतं बघत बसायचं?"

दुसऱ्या दिवशी सरावाला घार मैदानात उतरलीच नाही. सरळ प्रेक्षकांच्या पायऱ्या चढून सगळ्यांत वर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. "आज मी खाली येणार नाही. विचारा काय विचारायचं ते."

चिमणीने तोच प्रश्न विचारला. घारीने तोंड उघडलं. "म्हणजे... अंदाज असतो गं. वास येतो."

"चेंडूला वास येतो?"

"चिमणीच्या बुटांना येतो," भिंत म्हणाली. पराभवानंतर पोरी पहिल्यांदा खळखळून हसल्या.

घार मात्र हट्टाला पेटली होती. "भिंते, पास दे. डावीकडे. आता उजवीकडे. आता फसव त्यांना." भिंत पास देत राहिली आणि घार वरून बघत राहिली. मैदानात असताना जे तिचे हात करायचे, ते आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांपुढे होत होतं. चेंडू सुटायच्या आधी भिंतीचं काहीतरी हलत होतं. काय? डोळे नाहीत, डोळ्यांनी ती फसवत होती. खांदेही नाहीत.

"पाय!" घार एवढ्या मोठ्याने ओरडली की झाडलोट करणारा दचकून मागे वळला. "तिचे पाय बघा! जिकडे पास जायचा, तिकडचा पाय आधी वळतो. डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत!"

चिमणीने मान खाली घातली, भिंतीच्या बुटांकडे बघितलं आणि झेप घेतली. चेंडू तिच्या हातात. पुन्हा झेप, पुन्हा चेंडू.

भिंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे इतकी वर्षं सरावात तू माझे पाय बघत होतीस? आणि मी नशिबाला बोल लावत होते!"

"मलाच कुठे माहीत होतं?" घार वरून म्हणाली. "आणि ऐका, मला वरून दिसतं ते मी सांगेन. तुम्हाला खालून दिसतं ते तुम्ही सांगायचं. गप्प बसायचं नाही." आठवडाभर सभागृहात नुसता कलकलाट होता. ज्या पोरी मान डोलवून मोकळ्या व्हायच्या, त्या आता कोचशी भांडायला लागल्या.

शेवटच्या सामन्याला एकही खुर्ची रिकामी नव्हती. अर्धे लोक संघासाठी आले होते, आणि अर्धे, खोटं कशाला बोला, कोच परत चेंडू पकडते का ते बघायला. सुरुवातच वाईट झाली. मध्यंतरापर्यंत संघ चांगलाच मागे पडला. अध्यक्षांचं घड्याळ बघून बघून झिजलं असेल.

मध्यंतरानंतर चिमणीने पहिली झडप घातली. मग दुसरीने घातली. मग जिने आयुष्यात कधी पास अडवला नव्हता तिनेही एक उचलला आणि स्वतःच इतकी दचकली की क्षणभर कुठे पळायचं ते विसरली. समोरचा संघ बावरला. पास द्यायला घाबरू लागला. फरक आटत आटत एका गुणावर आला. अकरा सेकंद उरले, चेंडू आपला, आणि घारीने टाइमआउट मागितला.

तिने हातातल्या पाटीवर आखून दाखवलं. "चेंडू भिंतीकडे. बास्केटखालून ती टाकेल."

"नको," भिंत धापा टाकत म्हणाली. "माझ्यावर दोघी येतायत. टाकूच देणार नाहीत."

"आणि लांबचा कोपरा मोकळा राहतोय, ताई," चिमणी म्हणाली. "मघापासून."

पूर्वीची घार असती तर म्हणाली असती, मी सांगते तसं करा. तिने पाटीवर तळवा फिरवला. आखलेलं सगळं पुसून गेलं. "बोला मग. कसं करायचं?"

पाच डोकी एकत्र आली. कोपऱ्याला जी जवळ असेल तिने तिकडे धावायचं आणि भिंतीने तिला पास द्यायचा, असं ठरलं. घारीने एवढंच जोडलं, "पण सगळ्या भिंतीकडेच बघत राहा. त्या दोघींना तिच्यावर येऊ दे. भिंते, तूसुद्धा बास्केटकडेच बघ. आणि पाय सांभाळ, बये!"

शिट्टी वाजली. चेंडू भिंतीकडे गेला. दोघीजणी तिच्यावर तुटून पडल्या. तेवढ्यात बेंचवरच्या सगळ्या पोरी ताडकन उभ्या राहिल्या आणि घारीला समोर नुसत्या पाठीच पाठी दिसू लागल्या. ती टाचा उंचावत होती, डावीकडे वाकत होती, उजवीकडे वाकत होती. काही दिसेना. मग एक क्षण सगळं सभागृह श्वास धरून थांबलं आणि त्या शांततेत चेंडू जाळीतून सळसळत गेल्याचा आवाज तिने ऐकला. पाठोपाठ भोंगा झाला, आणि मग इतका गलका की छत राहिलं हेच नवल.

"कुणी टाकला?" घार पाठींवर थापा मारत ओरडत होती. "अगं, कुणी टाकला?"

"चिमणीने!"

"छे, तिच्या मागचीने!"

"भिंतीने पास काय दिला, ताई, काय दिला!"

अध्यक्ष टाय खांद्यावर टाकून पायऱ्या धडाधड उतरत आले. "राहिलो! आपण वरच राहिलो! मॅडम, पुढच्या हंगामाचं आत्ताच बोलून घेऊ!"

"थांबा हो, साहेब!" त्यांना बाजूला सारत घार मैदानात धावली. "आधी मला कळू तर द्या, टाकला कुणी?"