घरचा माणूस

माणिकपूरच्या नाक्यावर स्टॅनीकाकांचं दुकान कुठे म्हणून विचारलं, तर रिक्षावाला दुकान दाखवायचा आणि वर सांगायचा, काम मात्र फेबियनकडूनच करून घ्या. हे स्टॅनीकाकांनाही ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट कौतुकच होतं. गॅस फिटिंगचं लायसन काकांच्या नावावर, पाटी काकांच्या नावाची आणि हात फेबियनचा. वालीवच्या बेकऱ्या, कारखान्यांची कॅन्टीनं, नव्या बिल्डिंगींच्या तळाशी सिलिंडरांची खोली आणि तिथून वर स्वयंपाकघरांपर्यंत चढवलेले पाइप, हे सगळं त्याने जोडलं होतं. काम झालं की पाइपात हवा भरायची, दाब टिकतो का बघायचं, प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं. मग काकांनी येऊन सही करायची. काका येताना चष्मा हमखास विसरायचे. "तू बघितलं ना? मग झालं," म्हणायचे आणि फेबियन बोट ठेवेल तिथे सही ठोकायचे.

पगार नावाची गोष्ट दोघांच्या मधे कधी आलीच नाही. फेबियनचा बाप तो आयटीआयला असतानाच गेला, तेव्हा काका त्याच्या आईला म्हणाले होते, हा आता माझा. तेव्हापासून लागेल तसं गल्ल्यातून घ्यायचं. फेबियनचं लग्न गल्ल्यातून झालं, घरावर स्लॅब गल्ल्यातून पडला, मुलीची फी गल्ल्यातून गेली. काकांनी कधी विचारलं नाही आणि फेबियनने कधी जास्त उचललं नाही. आपल्याकडे याला माणुसकी म्हणतात आणि ती होतीच. तिला दुसरं नाव असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. काकांचा सख्खा मुलगा मायकल बहारीनला एसीच्या कंपनीत होता. तो नाताळला यायचा, केक खायचा आणि जायचा.

ऑस्ट्रेलियाचं खूळ फेबियनची बायको अ‍ॅनिशा हिच्या भावाने डोक्यात घातलं. युजीन पर्थला जाऊन स्थिरावला होता. अ‍ॅनिशाला मुलीच्या शिक्षणासाठी जायचं होतं, शिवाय गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून परदेशी गेलेली, तेव्हा आपणच का मागे राहायचं असंही होतं. फेबियनही लोकांना मुलीचंच कारण सांगायचा. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. युजीन एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाला होता, इकडे गॅसफिटरला स्वतःचं कार्ड मिळतं, त्यावर त्याचा फोटो, आणि काम संपलं की सही तोच करतो. फेबियनच्या डोक्यात हे जे जाऊन बसलं ते निघेना. चाळिशी उलटलेल्या बाप्याने एका सहीसाठी देश सोडायचा, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यातच काढलं असतं.

पण वाट सोपी नव्हती. तिकडे पाऊल ठेवण्याआधी तिथल्या एका कार्यालयाने मान्य करायला हवं होतं की हा माणूस खरोखर या धंद्यातला आहे. तिथे गेल्यावर आणखी परीक्षा होत्याच, त्यांची फेबियनला भीती नव्हती. आणि हे सगळं पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आत. त्याचं तेव्हा पंचेचाळिसावं वर्ष अर्धं सरलं होतं. आयटीआयचा दाखला होता. हवा होता तो पगारावर काम केल्याचा पुरावा, आणि तिथेच घोडं अडलं. गल्ल्याची काही पावती नसते.

शेवटी अ‍ॅनिशाने इंग्रजीत पत्र टाइप करून घेतलं. फेबियन आमच्याकडे पूर्णवेळ नोकरीला आहे, इतकी वर्षं आहे, दरमहा इतका पगार घेतो. काकांनी नेहमीप्रमाणे चष्म्याशिवाय सही केली.

"ते लोक तुम्हाला फोन करतील, काका," फेबियन म्हणाला. "काय विचारतील ते जरा सांगून ठेवू का?"

काकांना ते लागलं. "मना शिकवते काय? तुझ्याबद्दल बोलायला मना पाठ करायला पाहिजे?"

फेबियन ओशाळला आणि त्याने विषय तिथेच सोडला. खरं तर त्याची जीभच उचलली नसती. काका, मी तुमचा नोकर आहे म्हणून सांगा, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्या माणसाने बापाच्या मागे घरात भात पोचवला, त्याला?

फोन आला तेव्हा फेबियन वालीवला एका बेकरीत भट्टीचा बर्नर बसवत होता. संध्याकाळी दुकानात आला तर काकांनी त्याच्यासाठी थंडा मागवून ठेवला होता. काकांचा चेहरा नुसता फुलला होता. तरुणपणी ते बोटीवर होते, त्यामुळे इंग्रजी खणखणीत, आणि ते वापरायला मिळालं याचाही आनंद होता.

"बाई होती. गोड बोलत होती," काका सांगू लागले. "म्हनली, फेबियन तुमच्याकडे नोकरीला आहे काय? मी म्हटलं, बाई, नोकर नाय तो. पोरगा हाय माझा."

फेबियनने बाटली खाली ठेवली.

"मग म्हनली, पगार किती देता? मी म्हटलं, पोराला कोन पगार देते? गल्ला त्याचाच हाय. तिला पटेना. परत विचारलं, महिन्याचा पगार नाही देत? मी सांगितलं, नाय म्हंजे नाय. आणि ते पन सांगितलं, की चर्चच्या हॉलचं काम केलं, गावातल्या लग्नांच्या चुली जोडल्या, कोणाकडून एक पैसा घेतला नाय. ऐकून बाई गप्पच झाली. तिकडं असा माणूस बघायला मिळत नसल."

इतक्या वर्षांत काकांनी फेबियनची अशी तारीफ त्याच्यासमोर कधी केली नव्हती, आणि केली ती नेमकी इथे. त्याला ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

"चांगलं सांगितलंत, काका," तो म्हणाला आणि थंडा संपवला.

अ‍ॅनिशाने ऐकून कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिने तिकडे फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. त्यांनी एक वाट ठेवली होती. फोनवर बोललो ते चुकीचं होतं, असं मालकाने लिहून द्यावं.

रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर फेबियन काकांच्या घरी गेला. ओटीवर शेजारीपाजारी बसले होते आणि मटिल्डाकाकी चहा देत होती. काका रंगात आले होते. "माझा पोरगा चाललाय ऑस्ट्रेलियाला. मीच शब्द टाकलाय," असं प्रत्येकाला सांगत होते. फेबियन चहा प्यायला, काकीच्या शेगडीची नळी तपासली आणि तसाच परत आला.

"तू नाही सांगणार तर मी जाऊन सांगते," अ‍ॅनिशा म्हणाली.

"नको."

"अरे, एका कागदाचा प्रश्न आहे."

"काका जे बोलले ते खरं होतं, अ‍ॅनिशा. खोटं आपल्या पत्रात होतं."

आत जाऊन तिने मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायला घेतली.

नकार आला तो दोन ओळींचा. पत्र आणि साक्ष यांचा मेळ बसत नाही, सबब पगारी अनुभव सिद्ध झालेला नाही. नव्याने अर्ज करायचा तर आता वय आडवं येत होतं. काकांना त्याने सांगितलं की तिकडे माणसं घेणंच बंद झालंय. "त्यांचंच नुकसान," काका म्हणाले, आणि त्यांना झालेला आनंद त्यांना लपवता आला नाही.

त्यानंतर दीडेक वर्षाने मायकल बहारीन सोडून कायमचा परतला. काकांचे गुडघे गेले होते, ते घरीच असायचे. मायकलकडे डिप्लोमा होता, लायसन त्याच्या नावावर झालं. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला सगळं जागच्या जागी लागायचं. दुकानात कॉम्प्युटर आला, हजेरी आली, गल्ल्याला कुलूप आलं. महिना भरला तेव्हा त्याने फेबियनच्या हातात पाकीट दिलं. आत पैसे आणि छापील पगारपत्रक. वर फेबियनचं पूर्ण नाव, खाली हुद्दा : हेल्पर.

"कागदोपत्री तुमचं काहीच नाही ना," मायकल जरा संकोचून म्हणाला. "म्हणून सध्या हेल्पर टाकलंय."

"चालेल," फेबियन म्हणाला.

दर शुक्रवारी जायचा तसा तो काकांकडे गेला. खिशातून डोकावणारा कागद काकांनी पाहिला. काय आहे म्हणून हात पुढे केला, उशाचा चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि सावकाश, ओळ न् ओळ वाचलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी फेबियनचा कागद वाचला असेल.

"पगार? तुला?" काकांनी कागदावर बोट आपटलं. "मायकलने? नोकर समजते तुला? मी जित्ता असताना?"

"काका, असू दे."

"नाय असू दे." त्यांनी कागद उभा फाडला, मग आडवा, मग बारीक बारीक. फेबियनला हात धरता आला असता. असल्या एका कागदासाठी त्याने कधीकाळी काकांचे पाय धरले असते. तो बसून बघत राहिला.

"उद्याच सांगतो त्याला," काका धापा टाकत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू पोरगा हाय माझा."

"हो, काका."

मटिल्डाकाकीला वाकता येत नसे, म्हणून खाली पडलेले तुकडे त्यानेच गोळा केले आणि खिशात टाकले. काकांना पाणी दिलं, पायांवर चादर घातली आणि तो लवकर निघाला. सकाळी आठला वालीवच्या कामावर हजेरी होती, आणि उशीर झाला की मायकल पगार कापायचा.