परतीची तारीख

या सहलीत सांबप्पांना मिळणार होतं ते असं: सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर चार रात्रींची खोली, दिवसभर जेवण, कंपनीच्या मोठ्या साहेबाच्या हातून शाल, आणि जिंतूरच्या बाजारात दोन वर्षं पुरेल एवढं बोलणं. खिशातून काहीच जाणार नव्हतं. कापसाचं बियाणं आणि फवारणीची औषधं त्यांनी भागात सगळ्यांत जास्त खपवली, त्याचं हे बक्षीस. नवरा, बायको आणि बारा वर्षांखालचं एक मूल.

मूल होतं. धनश्री, दहा वर्षांची. फक्त ते कागदावर त्यांचं नव्हतं.

धनश्री ही झरी गावात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाची, शिवप्रकाशची, दुसरी मुलगी. सांबप्पा आणि शांतम्माला मूल नाही, म्हणून बारशाच्या दिवशीच सासूनं तिला थोरल्या सुनेच्या ओटीत घातलं. पाच जणींनी हळदकुंकू लावलं, पेढे वाटले, विषय संपला. तेव्हापासून पोर शांतम्माला मम्मी म्हणते आणि जन्म देणाऱ्या राजेश्रीला काकी. खरं काय ते पोरीलाही ठाऊक आहे. असल्या गोष्टी लपवायला गावात कुणाला सवड असते?

शांतम्मा मात्र इतकी वर्षं एकच मागत आली होती. "दत्तकपत्र करून घ्या हो. तोंडच्या बोलण्याचा काय भरवसा?"

"घरातली पोर घरातच हाय. कागद कागद काय करायलीस?"

यात हिशेब होता. दत्तकपत्र केलं की पोर वारस. दुकान, गोदाम, रस्त्यालगतची जमीन, सगळं उद्या जावयाच्या दारात. कागद नसला तर म्हातारपणी पाणी द्यायला पोर आहे आणि जमीनही घराण्यात आहे. दोन्ही रकमा जमेच्या बाजूला. असा सौदा सांबप्पा कशाला मोडतील?

मग सहलीच्या एजंटाचा फोन आला. मूल जहाजावर चढवायचं तर जन्मदाखल्यावर ज्यांची नावं आहेत त्या आईबापाचं संमतीपत्र लागेल, नोटरीपुढं सही केलेलं.

"एवढंच न्हवं? आमचा भाऊच हाय की," सांबप्पा म्हणाले.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली नोटरीचं टेबल होतं. शिवप्रकाशनं दाखवतील तिथं सही केली. थोरल्या भावानं बोट ठेवावं आणि त्यानं सही करावी, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. मग वकील राजेश्रीकडं वळले.

"बाई, तुमची संमती हाय ना? कुणी जबरदस्ती केली न्हाई?"

राजेश्री कागदावर वाकली. नवऱ्यानं कोपर मारलं. "हो म्हण की."

"थांबा वो. पहिल्यांदाच कुणीतरी इचारायलंय." ती वकिलाकडं वळली. "बारशाला मला कुणी इचारलं न्हवतं, साहेब. मी आत बाजेवर. पाळणा रिकामा दिसला तवा कळलं."

सांबप्पा हसले. "लय जुनं काढलंस. जहाजाचं बोल."

"जहाजाला हाय की संमती. पर ती परत कवा यायची?"

"हे काय, लिहिलंय." वकिलानं ओळ वाचून दाखवली. "प्रवास संपल्यावर सतरा तारखेस बालिकेस वरील आईवडिलांच्या ताब्यात परत देण्यात येईल."

खाली सांबप्पांचीही सही लागत होती, नेणारे म्हणून. त्यांनी झोकात केली, खाली दोन टिंबं दिली. राजेश्रीनं त्या कागदाची झेरॉक्स मागितली. तिचे दोन रुपये सांबप्पांनी मोठ्या मनानं दिले.

बाहेर येताच शांतम्मानं नवऱ्याची बाही धरली. "अवो, ती ओळ खोडायला सांगा."

"खोडलं की परत नवा कागद. नमुन्यातलीच ओळ हाय ती. सगळ्यांच्याच कागदात असती."

जहाजावर शांतम्मानं समुद्र फारसा पाहिला नाही. पोर कठड्याकडं गेली की ती मागून तिचा फ्रॉक धरून उभी राहायची.

"मम्मी, मी पडत नसते गं."

"पडायचं भ्या न्हाई बाई मला."

सतराच्या संध्याकाळी राजेश्री आणि शिवप्रकाश दुकानात येऊन उभे राहिले. राजेश्रीच्या हातात घडी घातलेली झेरॉक्स होती.

"न्यायला आलोत."

"कुणाला?" सांबप्पांना गंमत वाटली.

"खाली तुमची सही हाय, अप्पा. उधारीवाल्याला तुमीच सांगता ना, सही केली ती केली म्हणून?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनाही एकदम निघायची घाई राहिली नाही.

शांतम्मा आतून आली. "राजेश्री, मी वाढवलीय तिला."

"मी कुठं न्हाई म्हणते, अक्का? माझ्यानं एवढं झालं नसतं. मला पोर वढून न्यायची न्हाई." मग ती सांबप्पांकडं वळली. "दत्तकपत्र करा. आत्ता सही करते, आन् जन्मभर काकीच राहते. पर कागदावर भावाची आन् कामाला तुमची, असं न्हाई चालायचं. उद्या तुमच्या माघारी तिला या दारात कोण उभं करील?"

शांतम्मानं नवऱ्याकडं पाहिलं. तिच्या बाजूनं एवढा चांगला भाव आजवर कुणी केला नव्हता, आणि केला तो जावेनं. एका होकारात पोर तिची होत होती.

सांबप्पांनी गोदामाच्या शटरकडं पाहिलं. मग पलीकडच्या रस्त्याकडं, जिथं जमिनीचे भाव वर चालले होते.

"घाईत असलं काय होत नसतं," ते म्हणाले. "पाडव्यापर्यंत बघू. तवर घेऊन जा तिला. झरी काय लांब हाय का?"

शांतम्मानं आत जाऊन पिशवी भरली. जहाजावर मिळालेली पांढरी टोपी वर ठेवली, मग काढली, मग पुन्हा ठेवली.

"किती दिवस, मम्मी?" धनश्रीनं विचारलं.

या वेळी तारीख कुणी लिहिलेली नव्हती.

पाडवा आला आणि गेला. शाल दुकानात काचेत लावली आहे, खाली जहाजावरचा फोटो, तिघांचा. जहाजाचं भाडं कंपनीनं भरलं. नोटरीची फी शिवप्रकाशनं, झेरॉक्सचे दोन रुपये सांबप्पांनी. राजेश्रीला पोर मिळाली. धनश्री तिला अजून काकीच म्हणते. बाकी सगळं शांतम्मानं भरलं.